सही कुणाची, संमती कुणाची?

प्रजनन आरोग्यात ‘समावेशन’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, सेवा जिथे पोहोचलेली नाही तिथे ती पोहोचवायची. इतिहास वाचल्यावर हा अर्थ तोकडा वाटतो. ज्यांना आज आपण वंचित म्हणतो, त्यांच्यातल्या अनेकींच्या शरीरापर्यंत वैद्यकशास्त्र फार आधीच पोहोचलं होतं. त्यांना विचारलं मात्र नव्हतं.

१८४० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने बाळंतपणात होणाऱ्या फिस्टुलावरची (योनी आणि मूत्राशय यांच्यात पडणाऱ्या छिद्रावरची) शस्त्रक्रिया बसवली ती गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. अनार्का, बेट्सी, लूसी ही त्यांच्यातली तीन नावं आपल्याला माहीत आहेत. अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. पुढे या उपचाराचा लाभ जगभरच्या स्त्रियांना झाला, म्हणूनच ही तीन नावं विसरता कामा नयेत.

विसाव्या शतकात हेच काम कायदा करू लागला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. ती ‘मतिमंद’ ठरली होती. बलात्कारातून आलेल्या गरोदरपणानंतर तिला संस्थेत टाकलं होतं, हे निकालात कुठेच नाही.

गर्भनिरोधक गोळीची कथाही यापासून दूर नाही. तिची पहिली मोठी चाचणी १९५६ मध्ये पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या गरीब स्त्रियांवर झाली. हा प्रयोग आहे, हे त्यांना सांगितलं गेलं नाही, आणि चक्कर, मळमळ या तक्रारींकडे दुर्लक्ष झालं. आणि अमेरिकेत अविवाहित स्त्रियांना गर्भनिरोधकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो थेट १९७२ मध्ये. एकीवर लादायचं आणि दुसरीला नाकारायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे, हे लॉस एंजेलिसच्या खटल्याने दाखवून दिलं. मेक्सिकन वंशाच्या दहा स्त्रियांचं म्हणणं होतं की प्रसूतीच्या कळा चालू असताना, न कळणाऱ्या इंग्रजी कागदांवर त्यांच्याकडून नसबंदीसाठी सह्या घेतल्या गेल्या. १९७८ मध्ये त्या खटला हरल्या. तरी त्यांच्या लढ्यामुळे संमतीपत्रं स्पॅनिशमध्ये आली. हाच प्रकार स्लोव्हाकियात रोमा या युरोपातल्या वंचित अल्पसंख्य समाजातल्या एका स्त्रीच्या बाबतीत पुन्हा घडला. तिच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निकाल आला २०११ मध्ये.

१९९४ हे वर्ष वळणाचं ठरलं. कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या आकड्यांपेक्षा व्यक्तीच्या हक्कांना महत्त्व दिलं. त्याच वर्षी शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने ‘प्रजनन न्याय’ ही कल्पना मांडली: मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा आणि झालेलं मूल सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा हक्क. मला ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते, कारण कधी नकार मिळालेल्या आणि कधी सक्ती झालेल्या स्त्रियांचा अनुभव तिच्यात एकत्र येतो.

या हक्काच्या कक्षेत स्त्रियांखेरीज इतरही आहेत, हे मान्य व्हायला आणखी वेळ लागला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क नोंदवला गेला. कायद्याने लिंगओळख बदलायची तर नसबंदी करून घ्या, ही ट्रान्स व्यक्तींवरची अट स्वीडनमध्ये २०१३ मध्ये गेली. जपानमध्ये १९४८ चा सुप्रजननवादी कायदा, म्हणजे ‘सदोष’ संतती नको म्हणून अपंग व्यक्तींची सक्तीने नसबंदी करू देणारा कायदा, १९९६ पर्यंत टिकला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तोवर दाद मागणाऱ्यांपैकी काही जण हयात नव्हते.