एका मिथाइलचा फरक

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली, ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारी प्रथिनं) प्रकारच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायचा आराखडा जाहीर केला. पर्यायांमध्ये संगणकीय प्रारूपंही (मॉडेल्स) होती. लगेच गाजावाजा सुरू झाला: विष कोणतं ते आता एआय सांगणार, उंदीर सुटले! सांगेल की. पण कशाच्या जोरावर?

संगणकाला रेणू दिसत नाही. तो शेकडो हो-नाही प्रश्न विचारतो. बेंझिनचं, म्हणजे सहा कार्बनचं, कडं आहे का? नायट्रो गट आहे का? क्लोरिन? उत्तरांची एक-शून्याची ओळ म्हणजे त्या रेणूचा ‘फिंगरप्रिंट’. दोन रेणूंमधल्या सामाईक खुणांना दोघांच्या मिळून असलेल्या एकूण खुणांनी भागलं की टॅनिमोटो गुणांक मिळतो. तो १च्या जितका जवळ, तितके रेणू सारखे. सारखी रचना म्हणजे सारखा परिणाम, हे या शास्त्राचं मूळ गृहीतक. बहुतेकदा ते चालतं. जिथे चालत नाही, तिथे खरी गंमत आहे.

बेंझिन आणि टोल्युइन घ्या. कडं तेच, टोल्युइनला फक्त एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्त. दोन्ही पाण्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून यकृतातली सायटोक्रोम पी४५० एन्झाइमं त्यांना ऑक्सिजन जोडून विरघळण्याजोगं करू पाहतात. टोल्युइनला पकडायला तो मिथाइलचा कान आहे. ऑक्सिजन मुख्यतः तिथेच बसतो: आधी बेंझाइल अल्कोहोल, मग बेंझोइक आम्ल, त्याला ग्लायसिन जोडलं की हिप्युरिक आम्ल, आणि मग लघवीवाटे बाहेर. कड्याला धक्काही लागत नाही.

बेंझिनला कानच नाही. एन्झाइम थेट कड्यात ऑक्सिजन घुसवतं आणि इपॉक्साइड हा क्रियाशील पदार्थ तयार होतो. त्यातून फिनॉल, फिनॉलपासून हायड्रोक्विनोन. ते अस्थिमज्जेत पोचलं की तिथलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्याचं बेंझोक्विनोन करतं. हा पदार्थ भलताच क्रियाशील, प्रथिनांना आणि डीएनएला चिकटणारा. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो तो मुख्यतः अशा उत्पादनांमुळे, असं मानलं जातं. टोल्युइन साधुसंत नाही, ते मज्जासंस्थेला त्रास देतं. पण हा गुन्हा त्याचा नाही.

आता फक्त बेंझिन पाहिलेल्या प्रारूपाला टोल्युइन दाखवा. ते बिनधास्त ‘कर्करोगकारक’ म्हणेल. म्हणूनच ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २००४मध्ये अशा प्रारूपांसाठी पाच तत्त्वं ठरवली, त्यात एक आहे लागू-क्षेत्राचं: हा अंदाज कोणत्या प्रकारच्या रसायनांपुरता खरा, ते आधी सांगा. पण प्रारूप कशावर शिकलं हेच गुलदस्त्यात असेल तर ते क्षेत्र बाहेरच्याने तपासायचं कसं? खुल्या विदेची (डेटाची) गरज इथे लागते.

अमेरिकेतल्या ‘टॉक्स२१’ उपक्रमाने यंत्रमानवांकरवी सुमारे १०,००० रसायनं पेशींवर वेगवेगळ्या तीव्रतेत तपासली आणि निकाल सर्वांना खुले केले. त्यावर २०१४मध्ये स्पर्धा झाली. १२ चाचण्यांचे निकाल ओळखायचे होते आणि ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाचा गट एकंदरीत जिंकला. मला मात्र ‘सेराप’ हा प्रकल्प जास्त आवडतो. त्यात अमेरिका आणि युरोपातल्या १७ गटांनी एकाच विदेवरून ४८ प्रारूपं बांधली आणि ३२,४६४ रसायनांपैकी कोणती इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीला (पेशीतल्या रिसेप्टरला) चिकटतील याचा एकत्रित अंदाज २०१६मध्ये मांडला. प्रारूपांचं जिथे एकमत होत नाही, त्या रसायनांवर आधी प्रयोग करावा, हे उघडच आहे.

औषध कंपन्या विदा सहसा तिजोरीत ठेवतात, नापास झालेल्या रेणूंची तर हमखास. आणि शिकायला तीच हवी असते. २०१९ ते २०२२ या काळात युरोपातल्या ‘मेलोडी’ प्रकल्पात दहा कंपन्यांनी मधला मार्ग काढला. विदा घरातच राहिली, प्रारूपाने शिकलेले आकडे तेवढे सामायिक झाले.

जाता जाता ‘केमिकल-फ्री’वाल्यांसाठी: ॲरिस्टोलोकिक आम्ल पूर्णपणे नैसर्गिक आहे, वनौषधींतूनच येतं. त्यातल्या नायट्रो गटाचं शरीरात क्षपण होतं (ऑक्सिजन काढला जातो), तयार झालेला रेणू डीएनएला चिकटतो, मूत्रपिंडं निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. फिंगरप्रिंटमध्ये ‘नैसर्गिक’ नावाची खूण नसते.

खुल्या विदेतही भोकं आहेत. एकच रसायन दोन वेगळ्या क्षारांच्या (सॉल्टच्या) रूपांत दोनदा नोंदलेलं असतं, एकके गोंधळलेली असतात. साफसफाईतच निम्मा जीव जातो. त्याहून मोठं भोक म्हणजे प्रयोगातल्या बऱ्याचशा पेशींत पी४५० जेमतेम असतं, त्यामुळे बेंझिनसारखा पदार्थ त्यांना निरुपद्रवी वाटू शकतो. रसायनामुळे डीएनए बदलतो का हे पाहणाऱ्या, ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाच्या जिवाणू-चाचणीत १९७०च्या दशकापासून उंदराच्या यकृताचा अर्क मिसळतात तो याचसाठी, तरी बेंझिन त्यातूनही सहसा निसटतंच. आता काही गट रेणूची शरीरात काय काय रूपं होतील याची यादी संगणकावर आधी बनवतात आणि प्रत्येक रूप वेगळं तपासतात. बेंझिनच्या यादीत बेंझोक्विनोन येतंही. ते अस्थिमज्जेत तयार होतं हे कळायला मात्र कोणत्या अवयवात कोणतं एन्झाइम किती आहे, तीही विदा जोडावी लागते.