थांबलेल्या पेटीचं भाडं

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराच्या हातात पडणाऱ्या बिलात समुद्रभाडं ही फक्त पहिली ओळ असते. खाली बंदरातल्या गर्दीचा सरचार्ज, हंगामाचा सरचार्ज, रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर जादा दिवस विजेवर ठेवल्याचे पैसे. त्याचा माल शीतगृहातून वेळेवर निघालेला असतो, ट्रेलर वेळेवर न्हावा शेवा बंदराजवळच्या करळ फाट्याला पोचलेला असतो. तरीही थांबल्याचे पैसे त्याच्याच नावावर पडतात. असं का, हे कळण्यासाठी डॅमरेज या शब्दापासून सुरुवात करायला हवी.

मराठीत हा शब्द रेल्वेच्या मालधक्क्यावर रुळला. वॅगन वेळेत रिकामी केली नाही की डॅमरेज लागायचं. समुद्रावरही मूळ अर्थ हाच. जहाज भाड्याने घेणाऱ्याने ठरल्या मुदतीत माल उतरवला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई तो जहाजमालकाला देतो. दर करारात आधीच लिहिलेला असतो. ही पद्धत किती महागात पडू शकते ते १९७५ साली नायजेरियात दिसलं. तिथल्या लष्करी राजवटीत सुमारे २ कोटी टन सिमेंट मागवलं गेलं. लागोसच्या बंदराची ताकद वर्षाला जेमतेम १० लाख टनांची. शेकडो जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहिली. काही मालकांनी मुद्दाम जुनाट जहाजं धाडली, कारण उभं राहण्यातच कमाई होती. कितीतरी सिमेंट जहाजांच्या पोटातच खराब झालं. पण तिथे निदान ज्याने माल मागवला, त्यानेच भरलं.

कंटेनरने हे नातं बदललं. १९५६ साली अमेरिकी उद्योजक माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, नेल्या. आज एका जहाजावर हजारो पेट्या असतात आणि त्यांचे मालकही असंख्य. जहाज कंपनी दरपत्रक काढते, ते मानायचं किंवा पेटी धक्क्यावर ठेवायची. डॅमरेज आता जहाजाला नाही, पेटीला लागू झालं: मोफत दिवस संपल्यावर ती बंदरात पडून राहिली तर डॅमरेज, बंदराबाहेर अडकली तर डिटेन्शन. आणि जहाज स्वतः बाहेर ताटकळलं, तर तो खर्च सरचार्ज म्हणून सगळ्यांवर वाटला जातो. माझ्या मते अन्याय शिरला तो इथे. उशिरात ज्याचा काडीचा हात नाही, तो करारात सर्वांत दुबळा असल्याने पैसे भरतो.

न्हावा शेवा बंदर जन्मालाच आलं ते गर्दीतून. मुंबई बंदराला शहराने चहूबाजूंनी वेढलं होतं. पेट्या रचायला जागा नाही, ट्रेलरना वाट नाही. खाडीपलीकडचं नवं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्याच पट्ट्यात, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले होते. याच पट्ट्यातल्या जासईवरून जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेकडे पाहताना हे विसरता येत नाही.

पुढे खासगी टर्मिनल आली, पहिलं १९९९ साली. क्रेन वाढल्या, रस्ते मागे राहिले. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या संगणक हल्ल्यात मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाची यंत्रणा कोलमडली आणि इथलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. मार्च २०२०च्या टाळेबंदीत आयातदारांना पेट्या उचलता येईनात. तेव्हा नौवहन महासंचालनालयाने २२ मार्च ते १४ एप्रिल या काळासाठी डिटेन्शन आकारू नये असं जहाज कंपन्यांना कळवलं. त्यानंतरच्या वर्षी रिकाम्या पेट्याच मिळेनात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांसमोर शंभरावर जहाजं रांगेत होती. २०२३ अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. ऐन द्राक्ष हंगामात.

अमेरिकेने २०२२ साली सागरी वाहतुकीचा कायदा बदलला. त्याखालच्या नियमांनुसार डॅमरेज-डिटेन्शनचं बिल ३० दिवसांत, ठरावीक तपशिलांसह द्यावं लागतं. नाहीतर ते भरण्याचं बंधन उरत नाही. आपल्याकडे १९९७ साली स्थापन झालेली टॅम्प ही संस्था बंदरांचे दर ठरवत असे, पण जहाज कंपन्यांची आकारणी तिच्या कक्षेत नव्हती. आणि २०२१च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने तर दर ठरवण्याचा अधिकारही बंदरांकडेच गेला.

त्यामुळे निर्यातदार सरचार्जवर भांडतो, पण आधी पैसे भरून. भाडं चुकतं केल्याशिवाय कंपनी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा आणि त्यावरच्या हक्काचा कागद, हातात देत नाही, आणि ते कागद बँकेत गेल्याशिवाय परदेशी खरेदीदाराचे पैसे येत नाहीत.