जांभ्यावरची नक्षी: गोव्यातल्या घर-देवळांच्या सजावटीची पार्श्वभूमी

गोव्यात जुनं घर घेऊन ते नव्याने सजवायला काढलं की इंटिरिअर डिझायनर हमखास सुचवतो: एका भिंतीचा गिलावा खरवडा, आतला जांभ्या दगडाचा चिरा दिसू द्या, म्हणजे ‘अस्सल गोवा’ वाटेल. जुन्या गवंड्याने हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. इथली शोभेची सगळी कारागिरी उभी राहिली ती चिरा झाकण्यासाठी.

कारण दगडातच आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा. त्यात पाकळी किंवा नाकाची कड काढायला छिन्नी लावली की कडच ढासळते. बारीक काम दगडात करायचं तर दुसरा दगड हवा. तांबडी सुर्ला इथलं कदंब राजांच्या काळचं महादेवाचं देऊळ बेसाल्टचं आहे, म्हणून त्याच्या मंडपाच्या छतावरचं कमळ आजही ठसठशीत आहे. बाकी गोव्यात मूर्तिकार आणि नक्षीकार वळले ते चुना, लाकूड आणि चांदीकडे.

चुन्यातलं सर्वात देखणं काम कावीचं. चुना, बारीक वाळू आणि गूळ एकत्र भिजवून कुजवायचं, मळून त्याचा गुळगुळीत थर भिंतीवर द्यायचा. त्यावर हुरमुंजी तांबड्या मातीचा पातळ थर. तो घोटून झाला की ओला असतानाच टोकदार लोखंडी हत्याराने लाल रंग खरवडायचा; खालचा पांढरा वर येतो आणि चित्र उमटतं. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही, आणि थर वाळला की हात थांबवावाच लागतो. म्हणून वेलबुट्टी आणि भौमितिक पट्टे कावीत विशेष सफाईने उतरतात. सिंधुदुर्गापासून कारवार-कुमठ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ही कला होती. गोव्यात मोरजीच्या मोरजाई देवळात तिचे नमुने आहेत. कित्येक देवळांत मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यावर ऑइल पेंट चढला किंवा चकचकीत टाइल बसली. भक्ती खरी असते, पण कंत्राटदाराला कावी म्हणजे डाग वाटतो.

लाकडाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतलं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं मोडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. ही नवी ठिकाणं अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या परिसरात; तो तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. फोंडा त्यांच्याकडे आला तो अठराव्या शतकात. देव नदीपलीकडे गेले, पण सुतार, सोनार सगळेच गेले नाहीत. नव्या चर्चना वेद्या, व्यासपीठं, संतांच्या मूर्ती हव्या होत्या आणि ते काम येणारे हात इथलेच होते. 1567 च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमांचं काम हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नये असं बजावलं. बजावावं लागलं, यावरूनच समजायचं ते समजावं.

पुरावा लाकडातच आहे. गोव्याच्या काही चर्चमधल्या प्रवचनाच्या व्यासपीठाखाली नागिणी कोरलेल्या दिसतात: वर बाईचं धड, खाली शेपटीचा वेटोळा, आणि डोक्यावर पाद्रीबाबाचं व्यासपीठ. त्या काळी युरोपात पाठवायला इथे बनणाऱ्या बहुकप्पी कपाटांचे पायही असेच. अंग सागवानाचं, त्यात शिसवीसारख्या काळ्या लाकडाची आणि हस्तिदंताची जडवणूक, आणि तळाला चार नागिणी. शेतात वारुळापुढे हात जोडणाऱ्या माणसाला आधार द्यायला कोण उभं करायचं हे विचारावं लागलं नसावं, असा आपला माझा तर्क. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी 1636-37 मध्ये घडवली तीही गोव्याच्याच सोनारांनी.

नदीपलीकडे फोंड्यात उलटा प्रवाह दिसतो. देवळांनी चर्चच्या धाटणीचे घुमट, कमानी, भिंतीलगतचे अर्धस्तंभ घेतले. पुढे सभामंडपात काचेची झुंबरं आली. आतला जीव मात्र लाकडात राहिला. बांदोड्याच्या नागेशीच्या सभामंडपात वरच्या पट्टीवर रामायणातले प्रसंग लाकडात कोरून रंगवलेले आहेत. मान वर करून, दर्शनाची रांग अडवून ते पाहावे लागतात. पुजारी रागावत नाहीत. नवरात्रात मखरात बसवून झुलवल्या जाणाऱ्या देवतेची मखरंही सजावटीचीच कला, फक्त दरवर्षी मोडून पुन्हा उभारायची.

घरांचं थोडक्यात. हिंदू वाड्यात मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, भोवती नक्षीचे खांब. साष्टीतल्या ख्रिस्ती जमीनदारांच्या घरात बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), नाचघर, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. कुंकळ्ळीच्या चितारींचे रंगीत लाखकामाचे पाट आणि पाळणे दोन्हीकडे जात. आज जुन्या बाजारात या सगळ्याला ‘पोर्तुगीज स्टाइल’ म्हणून भाव येतो. ज्या चारी-मेस्त कारागिरांनी ते घडवलं त्यांचं नाव पावतीवर कुठून असणार!

1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर कलाशिक्षणाची वाट बदलली. 1972 मध्ये पणजीत कला महाविद्यालय आलं, त्याआधी शिकायला मुंबईच वाट. परंपरेतला हात टिकला तो गावोगावच्या गणपतीच्या चित्रशाळांत, जिथे चिकणमातीचं काम अजून चालतं. घरातली कोरीव चौकट मात्र यंत्राने कापलेल्या एमडीएफच्या जाळीने हटवली. ती स्वस्त, पण गोव्याच्या चार पावसाळ्यांत फुगते.

आता पुन्हा त्या उघड्या चिऱ्याकडे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो काढला गेला. तेव्हापासून जांभा पाऊस पितो आणि झिजतो, आणि गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद चालू आहे. आपल्या दिवाणखान्यातली भिंत आत असल्यामुळे तेवढी भिजत नाही. पण पावसाळ्यात ओल शोषते आणि लाल भुकटी सोफ्यावर झडते. ती झाडायचं काम डिझायनरच्या अंदाजपत्रकात नसतं.