ऑलिम्पियाड : खेळाचा शब्द की काळाचा?

लातूरच्या शाळांतून मुले ऑलिम्पियाड परीक्षेचा अर्ज घरी आणतात, तेव्हा पालकांना हा शब्द ऑलिम्पिकचाच धाकटा भाऊ वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला, आणि ऑलिम्पिक हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोहोचला. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असले तरी ऑलिम्पियाडचा इतिहास खेळाइतकाच कालगणनेचाही आहे, आणि ती बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘ऑलिम्पियास’. तो देवांच्या ऑलिम्पस पर्वतावरून थेट आलेला नाही. तो पर्वत ग्रीसच्या उत्तरेला, तर ज्या ऑलिम्पिया गावावरून हा शब्द निघाला ते झ्यूस या ग्रीकांच्या मुख्य देवाचे क्षेत्र पश्चिमेकडील एलिस प्रांतात. ग्रीक लोक या शब्दाने तिथला उत्सवही दाखवीत आणि एका उत्सवापासून पुढच्या उत्सवापर्यंतचा चार वर्षांचा काळही. गंमत अशी की, ते स्वतः या उत्सवाला ‘पाचव्या वर्षी येणारा’ म्हणत, कारण मोजताना दोन्ही टोके धरीत. आपल्याला हे परके वाटू नये. एका रविवारच्या बाजारापासून पुढच्या रविवारच्या बाजारापर्यंत सातच दिवस जातात, तरी आपण ‘आठ दिवसांनी बाजार’ म्हणतो आणि त्या काळाला आठवडा हेच नाव देतो.

ग्रीसमधील प्रत्येक नगराचे पंचांग वेगळे होते. अथेन्समध्ये वर्ष त्या वर्षीच्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई, ते दुसऱ्या नगरात कोणाला कळणार? इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास एलिसच्या हिप्पियासने ऑलिम्पियातील विजेत्यांची यादी तयार केली आणि पुढे इतिहासकारांना साऱ्या ग्रीकांसाठी एकच मोजपट्टी मिळाली. या यादीतला पहिला विजेता एलिसचाच कोरोइबस, वर्ष इ. स. पूर्व ७७६, त्याने जिंकलेली धाव जेमतेम १९२ मीटरची. या गणनेने ग्रीक आणि इराणी यांच्यातील सलामिसची आरमारी लढाई पंचाहत्तराव्या ऑलिम्पियाडच्या पहिल्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ४८० मध्ये येते. लग्नपत्रिकेवर आपण ‘शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर’ छापतो, तशीच ही रीत. परंपरेने पैठणच्या शालिवाहनाशी जोडलेल्या गणनेतला ‘शक’ हा शब्दही असाच फिरून आला आहे: आधी ते एका लोकसमूहाचे नाव होते, मग त्याचा अर्थ कालगणना असा झाला.

आधुनिक ऑलिम्पिकने हा जुना अर्थ जपला आहे. ऑलिम्पिक सनदेनुसार ऑलिम्पियाड म्हणजे सलग चार वर्षे, पहिल्या वर्षाच्या १ जानेवारीपासून चौथ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत, मग स्पर्धा होवोत वा न होवोत. महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्या नाहीत, तरी त्यांचे क्रमांक कायम राहिले. म्हणून पॅरिसच्या स्पर्धा तेहतिसाव्या ऑलिम्पियाडच्या, पण प्रत्यक्ष भरलेल्या मात्र तिसाव्या. हिवाळी स्पर्धांचा क्रमांक असा धरत नाहीत. त्या जितक्या झाल्या तितक्याच मोजतात. टोकियोच्या स्पर्धा करोनामुळे २०२१ मध्ये झाल्या, तरी नाव ‘टोकियो २०२०’ हेच राहिले, आणि साबळे त्या स्पर्धांतही धावला होता.

स्पर्धा या अर्थाने हा शब्द पुढे मैदानाबाहेर गेला. पहिले अधिकृत बुद्धिबळ ऑलिम्पियाड १९२७ मध्ये लंडनला झाले. आता ते दोन वर्षांनी भरते, आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला खुल्या व महिला अशा दोन्ही गटांत भारताने सुवर्णपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले, १९९६ मध्ये ते मुंबईला भरले होते. हे दर वर्षी होते, त्यामुळे चार वर्षांचा हिशेब इथे उरलाच नाही, आणि आपल्या मुलांच्या दप्तरात पोहोचलेला शब्द तो हाच.