क्वार्टरबॅकची पारख (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. महाविद्यालयांतून येणाऱ्या अशा खेळाडूंना व्यावसायिक संघांनी निवडीपूर्वी जोखणे आणि केलेल्या निवडी पुढे कितपत बरोबर ठरल्या हे तपासणे, असे या पारखीचे दोन भाग आहेत. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’ या सात फेऱ्यांच्या प्रक्रियेतून नवे खेळाडू घेतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. चांगल्या क्वार्टरबॅकची निकड बहुधा याच संघाला सर्वांत जास्त असते. घाईच्या निवडींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

शरीराची मोजणी सोपी आहे. इंडियानापोलिस येथील ‘कम्बाइन’ या चाचणी-शिबिरात उंची, वजन आणि ४० यार्डांची धाव यांबरोबर खेळाडूची वीतही मोजली जाते : पंजा पूर्ण फाकवून, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. ओल्या किंवा थंड हवेत चेंडू हातातून निसटू नये, हा त्यामागचा विचार. २०२० मध्ये जो बरो याची वीत ९ इंच भरली तेव्हा ती लहान असल्याची बरीच चर्चा झाली. सिनसिनाटीने त्याला तरीही पहिल्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले.

जे मोजता येत नाही तेच निर्णायक असते. चेंडू हाती आल्यापासून अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकला बचावफळीचा डाव ओळखावा लागतो, ठरल्या क्रमाने एकेका सहकाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो आणि अंगावर धावून येणाऱ्यांनी विचलित न होता, सहकारी अजून पोहोचलेलाही नाही अशा जागी चेंडू फेकावा लागतो. महाविद्यालयात बचावपटूंचा वेग कमी असतो, आणि पहिलाच सहकारी मोकळा सापडेल अशा चाली अनेक प्रशिक्षक आखून देतात; त्यामुळे तेथील चित्रफिती कितीही पाहिल्या तरी हे कौशल्य त्यांत पुरते दिसत नाही.

१९९८ मध्ये पेटन मॅनिंग व रायन लीफ यांपैकी पहिला कोणाला घ्यावा, यावर जाणकारांत खरोखर दुमत होते. मॅनिंगची गणना पुढे सर्वश्रेष्ठांत झाली. दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लीफची कारकीर्द २००१ च्या हंगामानंतर संपली. याउलट २००० मध्ये सहा क्वार्टरबॅक निवडून झाल्यावर, सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने टॉम ब्रेडीला घेतले. त्याने ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद, म्हणजे बराच वेळ, घेतला होता. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले.

प्रत्येक चूक अंदाजाची नसते. काही पूर्वग्रहाच्या असतात. कृष्णवर्णीय खेळाडूंना ही जागा पेलणार नाही, ही समजूत दीर्घकाळ टिकली. वॉरन मून याला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून ग्रे कप हे तेथील विजेतेपद पाच वेळा जिंकला, मग एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेम या खेळाच्या सन्मान-दालनात दाखल झाला. २०१८ मध्येही लमार जॅक्सनने जागा बदलून चेंडू झेलणाऱ्याची भूमिका घ्यावी, असे जाहीरपणे सुचवले गेले. बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२ वा घेतले. २०१९ आणि २०२३ या हंगामांचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

भावी खेळाडूंबाबत अलीकडे अनुभवाचा प्रश्न पुढे आला आहे. मिचेल ट्रुबिस्की (२०१७) आणि अँथनी रिचर्डसन (२०२३) यांनी महाविद्यालयात प्रत्येकी १३ सामन्यांतच सुरुवातीपासून खेळ केला होता. दोघांचीही निवड पहिल्या चारांत झाली आणि दोघांचीही वाटचाल खडतर ठरली. पण ऑबर्नकडून एकच हंगाम खेळलेला कॅम न्यूटन २०१५ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता, तेव्हा यावरून नियम बांधता येत नाही. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाल्याने अनेक जण महाविद्यालयात अधिक काळ थांबतात. बो निक्स (२०२४) तब्बल ६१ सामन्यांच्या अनुभवानिशी आला. अशा खेळाडूची खात्री जास्त, पण वाढीला वाव किती उरला, ही शंकाही जास्त.

मागे वळून निकाल देतानाही संघाचा वाटा विसरला जातो. २००५ चा पहिला क्रमांक अ‍ॅलेक्स स्मिथ सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीची कित्येक वर्षे आक्रमणाचे प्रशिक्षक वारंवार बदलत असताना खेळला आणि फसलेली निवड म्हणून गणला गेला. नवे मुख्य प्रशिक्षक येताच २०११ मध्ये त्याच संघाने त्याच्यासह १३ सामने जिंकले. पुढे कॅन्सस सिटीत २०१७ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम पुढे नामांकित क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक माहोम्स बाजूला बसून शिकला तो याच स्मिथच्या मागे. सॅम डार्नॉल्ड (२०१८, तिसरा क्रमांक) याला न्यू यॉर्क जेट्सने तीन हंगामांत दुसऱ्या संघाकडे सोपवले. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याच्या नेतृत्वाखाली १७ पैकी १४ सामने जिंकले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.