ज्यू डेली

पूर्व युरोपातून स्थलांतरित झालेल्या अश्केनाझी ज्यूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रुजवलेला खाणावळीचा प्रकार. ‘डेली’ हे ‘डेलिकेटेसन’चे लघुरूप. खारवलेले मांस कापून विकण्याचे दुकान हे तिचे मूळ रूप. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतील काट्झ ही डेली १८८८ पासून चालू आहे. तिथे दारातच कागदी तिकीट हातात पडते, खाल्लेल्याचा हिशेब त्यावर लिहिला जातो आणि बाहेर पडताना ते परत द्यावे लागते.

कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या आहाराच्या, नियमानुसार मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र खात नाहीत. त्यामुळे मांसाच्या डेलीत लोणी-चीज नसते. तिथला स्निग्धपणा ‘श्माल्ट्झ’चा, म्हणजे कढवलेल्या कोंबडीच्या चरबीचा. (याच नियमामुळे कोकणातल्या बेने इस्रायलींच्या मांसाच्या कालवणात दह्याऐवजी नारळाचे दूध आले.) बेगल (कड्यासारखा पाव), क्रीम चीज आणि खारवलेला सामन मासा विकणारी ‘ॲपेटायझिंग’ दुकाने वेगळी, १९१४ सालचे रस अँड डॉटर्स त्यांपैकी एक. पाटीवर ‘ज्यू पद्धतीची’ लिहिलेली डेली मात्र बहुधा कोशर नसते. काट्झही नाही. मेनूत रूबेन सँडविच, म्हणजे कॉर्न्ड बीफवर (खारवून उकडलेल्या गोमांसावर) स्विस चीज, दिसले की ओळखावे.

डेलीची खरी परीक्षा पास्ट्रामीत, म्हणजे खारवून, धुरी देऊन वाफवलेल्या गोमांसात होते. त्यासाठी गाईच्या छातीचे किंवा पोटाकडचे चरबीयुक्त, स्वस्त आणि चिवट मांस घेतात. २ किलो मांस आणि २ लिटर पाणी यांना साधारण १०० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम क्युरिंग मीठ लागते. क्युरिंग मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असते आणि ओळखीसाठी त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. ते गुलाबी सैंधव नव्हे, आणि अंदाजाने घालायचेही नव्हे: जास्त झाल्यास विषबाधा होते. मांस या खाऱ्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ७ ते १० दिवस, रोज उलटवत ठेवतात. घाई केली तर मीठ गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि शिजल्यावर मधोमध करडा डाग दिसतो. मग जाडसर कुटलेले धणे व मिरे चोळून धुरी देतात आणि शेवटी दोन-तीन तास वाफवतात. आतले तापमान ९५ अंश सेल्सियसच्या आसपास गेल्याशिवाय चिवट तंतूंचे जिलेटिन होत नाही; आधीच उतरवलेली पास्ट्रामी चामड्यासारखी लागते. गरम असतानाच, तंतूंना आडवी, हाताने कापतात. ती विलायती जिरे घातलेल्या राय (एक धान्य) पिठाच्या पावात, फक्त मोहरीच्या सॉसबरोबर देतात. मेयोनीज मागणे म्हणजे पुरणपोळीवर केचप मागण्यासारखे. कॉर्न्ड बीफचे खारवणे जवळपास असेच, पण त्याला धुरी न देता ते उकडतात.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कोशर डेलींची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. ज्यू कुटुंबे उपनगरांत गेली, सुपरमार्केटने पाकिटबंद मांस आणले आणि आता मोजक्याच उरल्या. कार्नेगी डेली २०१६ च्या अखेरीस बंद झाली. सेकंड अव्हेन्यू डेली २००६ मध्ये बंद पडून पुढच्याच वर्षी दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा उघडली.

त्यामुळे शहर सोडून गेलेला माणूस सुट्टीला घरी आला की डेली गाठतो आणि अनेकदा सँडविचआधी मात्झा बॉल सूप मागवतो. मात्झा ही वल्हांडण सणाची बिनखमिराची भाकरी. तिचा रवा १ कप, अंडी ४, श्माल्ट्झ पाव कप, कोंबडीचे सूप पाव कप आणि मीठ १ चमचा एकत्र करून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. रवा फुगला नाही तर गोळे फुटतात. ओल्या हाताने, न दाबता, अक्रोडाएवढे वळून मंद उकळत्या मिठाच्या पाण्यात झाकण लावून ३५ ते ४० मिनिटे शिजवावेत. ते थेट सुपात शिजवले तर सूप शोषून घेतात आणि उरलेले गढूळ होते. मध्यभागी पिवळट, घट्ट गाठ राहिली तर गोळा कच्चा आहे. गोळा तरंगणारा असावा की बुडणारा, यावर मात्र एकाच घरात दोन तट पडलेले असतात.