देवी (खानदेश)

देवी हा व्हॅरिओला विषाणूमुळे होणारा साथीचा रोग होता. आता तो जगातून नाहीसा झाला आहे. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, रोग्याला ‘माता आली’ किंवा ‘देवी निघाल्या’ असे म्हणत.

या विषाणूचे तीव्र आणि सौम्य असे दोन प्रकार होते. तीव्र प्रकारात शंभरातले सुमारे ३० रोगी दगावत, सौम्य प्रकारात जेमतेम एखादा. रोग मुख्यतः समोरासमोरच्या सहवासातून, श्वासावाटे उडणाऱ्या थेंबांनी पसरे. रोग्याच्या अंथरुणा-कपड्यांतूनही लागे. भारतात साथ हिवाळा सरताना वाढू लागे आणि भर उन्हाळ्यापर्यंत टिके. खानदेशात नेमकी तेव्हाच लग्नसराई, आणि चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी यात्रा. माणसे एकत्र येण्याचे दिवस आणि रोगाचे दिवस एकच पडत.

लागण झाल्यावर साधारण १० ते १४ दिवस काहीच जाणवत नसे. मग एकाएकी मोठा ताप, डोकेदुखी, कंबर मोडून टाकणारी कळ आणि उलट्या. दोन-चार दिवसांनी तोंडात व जिभेवर लाल ठिपके येत आणि लगेच चेहऱ्यावर व हातांवर पुरळ उठे. ठिपक्याची पुळी, पुळीचा पाणी भरलेला फोड, त्यात पू. फोड बोटाला टणक लागत आणि पुष्कळांच्या मधोमध खळगा असे. खपल्या धरून गळेपर्यंत तीन-चार आठवडे जात. वाचलेल्याच्या तोंडावर वण राहत, काहींचे डोळे जात. कांजण्यांपासून देवी ओळखण्याची खूण सोपी होती : देवीचे फोड चेहरा, हात-पाय, अगदी तळहात-तळपायांवरही दाट आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेतले; कांजण्यांचे पोटापाठीवर जास्त आणि काही ताजे, काही सुकलेले.

उपचार असा नव्हताच. शितळादेवी वा मरीमातेला नवस होई, रोग्याजवळ कडुनिंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणी बंद होई आणि परक्याला उंबरा ओलांडू देत नसत. या पथ्यांना केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे. परक्याला मज्जाव केल्याने संसर्गाची वाट खरोखरच अडत असे. मात्र कोणी मातेच्या दर्शनाला म्हणून आत आले, की तीच वाट पुन्हा मोकळी होई.

एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टराने १७९६ साली गोदेवीची, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य रोगाची, लस टोचून पाहिली. भारतात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. खानदेश इंग्रजांकडे आला तो १८१८ मध्ये. सुरुवातीला लस टोचलेल्या एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचत. परक्या अंगातला द्रव पोराच्या अंगात जाणार म्हणून लोक बिचकत, आणि ती भीती निराधार नव्हती, कारण त्यातून दुसरे रोगही पसरत. पुढे वासरांवर तयार केलेली लस आली, पण ती उष्णतेत लवकर निकामी होई. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात अशी लस सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत जिवंत नेणे किती अवघड, हे त्या भागात फिरलेल्याला सांगायला नको. ही अडचण शीतशुष्क, म्हणजे गोठवून सुकवलेल्या आणि उष्णतेत टिकणाऱ्या, लसीने सुटली. गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. त्याचे जुने फिरकीचे हत्यार दंडावर मोठी जखम करी आणि पोरे त्याला पाहून पळत. दुभंगलेल्या टोकाची सुई आल्यावर एका थेंबात १५ टोचे दिले की काम होई.

राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. नुसते सर्वांना टोचत सुटल्याने साथ थांबेना, तेव्हा रोगी शोधून त्याच्या भोवतालच्यांना लस देण्याची पद्धत आली. बाजारात, शाळेत रोग्याचे चित्र दाखवून विचारपूस होई. खबर देणाऱ्याला बक्षीस असे, शेवटी ते १,००० रुपयांपर्यंत गेले. या कार्यक्रमाचे खरे यश या शोधातच आहे. १९७४ ची मोठी साथ मुख्यतः बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची होती. भारतातला शेवटचा रोगी, बाहेरून लागण घेऊन आलेला, मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज येथे सापडला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

खानदेशात आज ‘माता आली’ म्हणतात ते कांजण्या किंवा गोवराला. गोवराची लस बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास सरकारी केंद्रात मोफत मिळते.